दगडात पेरलेला राजा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. दगडावर कोरलेला एक माणूस मागे रेलून बसलाय. गुडघे दुमडलेले, हात पुढे कसल्याशा खटक्यांवर ठेवल्यासारखे, आणि मागून ज्वाळा निघाव्यात तशी नक्षी. खालचा मजकूर ठरलेला असतो: माया लोकांकडे तेराशे वर्षांपूर्वी रॉकेट होतं, पण शास्त्रज्ञ ते तुमच्यापासून लपवतात. हा दावा १९६८ च्या सुमारास युरोपात गाजला आणि अजून निवृत्त व्हायचं नाव घेत नाही.

यातली हातचलाखी अगदी साधी आहे. चित्र आडवं दाखवतात. ते उभं करून बघा. रॉकेटचं नाक म्हणजे झाडाचा शेंडा निघतो, त्यावर लांब शेपटीचा एक पक्षी बसलेला दिसतो. ज्वाळा वाटत होत्या त्या जागी हाडांचा उघडा जबडा आहे. आणि तो माणूस जबडा आणि झाड यांच्या मधोमध, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा हातपाय वर घेऊन उताणा आहे.

हा दगड म्हणजे एका राजाच्या शवपेटीचं झाकण. लांबी ३.८ मीटर, रुंदी २.२ मीटर, वजन काही टन. मेक्सिकोच्या चियापास राज्यात पालेंके नावाचं प्राचीन शहर आहे, तिथल्या एका पिरॅमिडच्या पोटात ते आजही आहे. हे झाकण वाचता आलं की त्याच्यावर उभं असलेलं देऊळ वाचता येतं, आणि देऊळ वाचता आलं की निम्मं शहर.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू, कारण मराठीत हा विषय निघाला की तो हमखास येतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या या माया संस्कृतीचा आपल्या 'माया' शब्दाशी संबंध नाही, आणि पांडवांची सभा बांधणाऱ्या मयासुराशी तर नाहीच. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. पालेंके हेही तिथल्या लोकांनी दिलेलं नाव नव्हे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लाकडी कुंपण किंवा तटबंदी असा होतो. शहराचं स्वतःचं नाव होतं लाकमहा, म्हणजे मोठं पाणी. डोंगराच्या कुशीत वसलेल्या या गावातून ओढेच ओढे वाहतात. त्यातल्या ओतुलुम नावाच्या ओढ्याला राजवाड्याशेजारून दगडी बंदिस्त पाटातून वाट काढून दिली होती, तो पाट अजून आहे.

आता दोन शब्द लक्षात ठेवा. 'वित्स' म्हणजे डोंगर आणि 'ना' म्हणजे घर. पालेंकेच्या आसपास आजही चोल भाषा बोलणारे माया लोक राहतात आणि डोंगराला ते अजून वित्सच म्हणतात. माया लोकांच्या लेखी डोंगर जिवंत असायचा. त्याला डोळे, नाक, कपाळ आणि तोंड असायचं. त्याचं तोंड म्हणजे गुहा. गुहेतून वारा येतो, पाणी येतं, पूर्वज तिथेच राहतात, आणि मक्याचा पहिला दाणाही डोंगराच्या पोटातून आला अशी श्रद्धा. मग देवाचं घर बांधायचं तर ते डोंगरावरच हवं. डोंगर नसेल तर रचायचा. पिरॅमिड म्हणजे हा रचलेला डोंगर, आणि माथ्यावरच्या देवळाचं दार म्हणजे गुहेचं तोंड. काही ठिकाणी तर हे अगदी उघड करून दाखवलंय: कांपेचे राज्यातल्या चिकाना गावी एका इमारतीचं दार म्हणजे दातओठांसकट आ वासलेलं तोंडच आहे. पालेंकेचे कारागीर इतके भडक नव्हते.

आपल्याकडे देवळाच्या शिखराला मेरू किंवा कैलास मानतात आणि आतल्या अंधाऱ्या खोलीला गर्भगृह म्हणतात, हे इथे कुणाच्याही मनात येईल. येऊ द्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटली नव्हती. पण डोंगर, गुहा आणि गर्भ ही तीन चित्रं एकाच जागी आणून ठेवायची कल्पना दोन्हीकडे सुचली, एवढं मात्र खरं, आणि मराठी वाचकाला पालेंके त्यामुळे थोडं लवकर उमगतं.

घराचं म्हणाल तर देवळाचा आतला आकार गवताने शाकारलेल्या झोपडीचा आहे. माया बांधकामात खरी कमान नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमधला प्रत्येक वरचा दगड खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत नेतात आणि अखेर उरलेली फट एका दगडाने झाकतात. (आपल्या जुन्या देवळांच्या छतातही ही युक्ती दिसते.) अशा छताखाली खोली अरुंदच राहते आणि भिंती जाडजूड ठेवाव्या लागतात. पालेंकेच्या गवंड्यांनी यावर तोड काढली. बाहेरचं छपरही आतल्या उताराला समांतर तिरकं केलं, माथ्यावरचा तुरा भरीव न करता जाळीदार ठेवला, एवढं वजन उतरवलं की भिंती पातळ झाल्या आणि दारं रुंद. म्हणून इथल्या इमारती बाकीच्या माया शहरांपेक्षा हलक्या, मोकळ्या वाटतात. आज त्या करड्या दिसतात, पण तेव्हा त्यांच्यावर चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर लाल रंग. हिरव्यागार जंगलाच्या पार्श्वभूमीवर लालभडक डोंगरांची रांग डोळ्यांसमोर आणा.

पण ही सगळी रास एवढ्या घाईने का रचली, याचं उत्तर राजकारणात आहे. इ.स. ५९९ मध्ये आणि पुन्हा ६११ मध्ये कालाकमुल या बलाढ्य राज्याने पालेंकेवर हल्ला केला. शहर लुटलं गेलं, राजघराण्याची घडी विस्कटली, देवांना वेळच्या वेळी द्यायचे नैवेद्य चुकले. शिलालेखात त्या काळाबद्दल एक वाक्य येतं आणि ते वाचताना आजही गलबलतं: पवित्र स्त्री हरवली, राजा हरवला. अशा शहराच्या गादीवर ६१५ साली १२ वर्षांचा एक मुलगा बसला. त्याला मुकुट दिला त्याच्या आईने, साक कूक हिने. राजवाड्यातल्या एका लंबगोल शिळेवर तो प्रसंगच कोरलेला आहे. म्हणजे गादीवरचा हक्क आईकडून आलेला, शहर हरलेलं, देव रुसलेले आणि राजा पोरवयाचा. त्याचं नाव किनिच हानाब पाकाल. पाकाल म्हणजे ढाल. लेखनिक कधी हे नाव ढालीचं चित्र काढून लिहीत, कधी प-क-ल अशी अक्षरं फोडून लिहीत, आणि माया लिपी उलगडायला ज्या नावांची मदत झाली त्यांत हे एक आहे. १९७३ च्या डिसेंबरात पालेंकेला भरलेल्या एका परिषदेत लिंडा शेली, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी या अभ्यासकांनी एका दुपारच्या बैठकीत इथल्या राजांची यादी लावून दाखवली. तोवर हे सगळे राजे मुके होते.

पाकालने ६८ वर्षं राज्य केलं. ६८३ मध्ये तो वारला तेव्हा ८० वर्षांचा होता. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्याने स्वतःच्या थडग्याचं काम काढलं आणि ते त्याच्या मुलाने पुरं केलं. त्यालाच आज शिलालेखांचं मंदिर म्हणतात, कारण वरच्या खोलीत सहाशेहून अधिक चिन्हांचा मजकूर कोरलेला आहे.

या मंदिराला नऊ टप्पे आहेत. पाताळाचे नऊ थर म्हणून नऊ टप्पे, असं बहुतेक पर्यटन-पुस्तिका ठासून सांगतात. मला हे जरा सैल वाटतं. पाताळाच्या नऊ थरांचा ठळक पुरावा बऱ्याच नंतरच्या काळातला आहे. त्यापेक्षा खूप घट्ट पुरावा जमिनीखाली होता, तो सापडला तो असा.

अल्बेर्तो रूस या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञाला १९४९ च्या सुमारास एक विचित्र गोष्ट दिसली. वरच्या देवळाच्या भिंती फरशीशी थांबत नव्हत्या, फरशीच्याही खाली जात होत्या. शिवाय फरशीतल्या एका मोठ्या शिळेला ओळीने भोकं होती आणि त्यांत दगडी बुचं ठोकलेली. शिळा उचलली. खाली जिना होता, पण पायरीपासून छतापर्यंत दगडमातीने मुद्दाम ठासून भरलेला. तो मोकळा करायला चार हंगाम लागले. जिना मध्येच वळतो आणि थेट पिरॅमिडच्या पायथ्याशी, समोरच्या चौकाच्याही थोडा खाली जाऊन थांबतो. तळाशी एका दगडी कोठीत पाच-सहा माणसांचे सांगाडे होते आणि त्यांच्यापलीकडे एक त्रिकोणी शिळा दारासारखी उभी. जून १९५२ मध्ये ती बाजूला झाली आणि रूसला आतलं झाकण दिसलं.

आता बांधणीचा क्रम बघा. शवपेटी एकसंध दगडाची आहे आणि दारातून आत जाणंच शक्य नाही इतकी मोठी आहे. म्हणजे आधी ती ठेवली, मग तिच्याभोवती खोली, मग खोलीवर डोंगर, मग डोंगरावर देऊळ. राजाला मंदिरात पुरलं असं आपण सहज म्हणतो. इथे राजासाठी ठेवलेल्या जागेतून मंदिर वर आलंय, बियातून झाड यावं तसं.

ही माझी उपमा नव्हे, झाकणावर तेच कोरलंय. पाकालने जेड या हिरव्या दगडाच्या मण्यांचा जाळीदार घागरा घातलाय. हा मक्याच्या देवाचा वेश. माया कथांत मक्याचा देव मरतो, जमिनीखाली जातो आणि पुन्हा उगवतो, कारण दाणा तेच करतो. खाली हाडांचा जबडा आहे तो पाताळाचा, आणि तो गोमीचा जबडा आहे. गोम दगडाखालच्या ओल्या अंधारात राहते, म्हणून पाताळाचं दार तिच्या तोंडाला. जबड्याच्या वर नैवेद्याचं पात्र आहे, त्यावर सूर्याचं चिन्ह. त्याच्यावर पाकाल. आणि त्याच्यामागून झाड उभं राहतं, विश्वाच्या मध्यावरचं. मुळं पाताळात, खोड आपल्या जगात, शेंडा आभाळात. सूर्य पाताळात बुडतो आणि सकाळी वर येतो, दाणा मातीत जातो आणि वर येतो, राजाचंही तसंच. तो खाली पडतोय की वर येतोय यावर अभ्यासक अनेक वर्षं भांडले. मला विचाराल तर कोरणाऱ्याला दोन्ही म्हणायचं होतं.

पेटीच्या चारी बाजूंना पाकालचे पूर्वज आहेत. दहा आकृत्या, प्रत्येक जण भेगाळलेल्या जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेला आणि प्रत्येकामागे एक फळझाड. त्याच्या आईमागे कोको आहे. इतरांमागे पेरू, अवाकाडो, चिकूच्या कुळातली झाडं. म्हणजे ही राजघराण्याची बाग आहे, आणि पूर्वज मेलेले नसून फळताहेत. आपण घोलवडचा म्हणून जो चिकू खातो त्याचं मूळ गाव याच भागातलं, हे जाता जाता सांगून ठेवतो. नावसुद्धा तिथलंच, फक्त वाटेत अर्धं गळून पडलेलं. या दहांत योल इकनल ही राणीही दोनदा आहे. ५८३ ते ६०४ या काळात तिने स्वतःच्या नावाने राज्य केलं होतं. आईकडून गादी मिळालेल्या राजाने बाईच्या राज्याची आठवण दोनदा कोरून घ्यावी, हा योगायोग नव्हे.

पेटीत शरीरासाठी केलेला खळगा गर्भाशयासारख्या आकाराचा आहे आणि आतून हिंगुळाने लाल रंगवलेला. चेहऱ्यावर जेडचा मुखवटा, तोंडात जेडचा मणी, दोन्ही हातांत जेड. हिरवा म्हणजे कोंब, पाणी आणि श्वास. (तो मुखवटा १९८५ च्या नाताळात मेक्सिको सिटीच्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि १९८९ मध्ये परत मिळाला. त्याच्यावर एक स्वतंत्र लेख होईल.) शेजारच्याच देवळात १९९४ मध्ये एका स्त्रीची कबर सापडली, तीही हिंगुळात माखलेली. ती बहुधा पाकालची राणी. लोक तिला लाल राणी म्हणतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक पोकळ दगडी नळी. पेटीपासून निघून ती जिन्याच्या कडेकडेने वरच्या देवळापर्यंत जाते. जिना बुजवला, दार बंद केलं, पण ही नळी मोकळी ठेवली. राजाचा श्वास वर यावा आणि वरच्यांचं बोलणं खाली जावं म्हणून. २०१६ मध्ये याच मंदिराच्या पायाखाली पाण्याचा पाटही सापडला. त्यावर लगेच दोन तट पडले. उत्खनन करणाऱ्यांच्या मते ती राजाच्या आत्म्याची पाण्यातून जाणारी वाट आहे. काही जण म्हणतात, पावसाळी प्रदेशात पायाखालून पाणी काढून देणारं ते साधं गटार आहे. मोठं पाणी असं नाव असलेल्या गावात ही दोन्ही कामं एकाच पाटाने केली असती तरी कुणाला खटकलं नसतं.

वरच्या शिलालेखात एक तारीख आहे. पाकालच्या राज्यारोहणाचा एक वर्धापनदिन येईल, असं सांगून लेखनिक हिशेब पुढे नेत नेत थेट इ.स. ४७७२ गाठतो. २०१२ साली माया पंचांगानुसार जग बुडणार म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? ज्यांच्या नावावर तो खपवला त्यांनी आपल्या राजाचा सोहळा त्यानंतर २७६० वर्षांनी लावून ठेवला होता.

पाकालचा मुलगा कान बालाम ६८४ मध्ये गादीवर आला तेव्हा ४८ वर्षांचा होता. बापाने ६८ वर्षं गादी सोडली नाही, तर मुलाचं दुसरं काय होणार. पण आल्यावर त्याने वेळ घालवला नाही. ६९२ मध्ये त्याने एका चौकाच्या तीन बाजूंना तीन देवळं उभी केली, पालेंकेच्या तीन कुलदैवतांसाठी. हे तिघे भाऊ, इ.स.पूर्व २३६० मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने जन्मले असं लेख सांगतात. त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, जुलै ६९० मध्ये, गुरू, शनी आणि मंगळ आकाशात जवळ जवळ आले होते आणि चंद्रही त्यांच्यापाशी आला होता. त्या दिवसांतल्या विधीची नोंद या देवळांत आहे. तीन ग्रह एकत्र येणं आणि तीन देवांचे डोंगर उभे राहणं यांची सांगड कान बालामने घातली असावी.

उत्तरेचं देऊळ सर्वांत उंच, त्याला आज क्रूसाचं मंदिर म्हणतात. नाव चुकीचं आहे. युरोपातून आलेल्यांना भिंतीवर क्रूस दिसला, प्रत्यक्षात ते झाड आहे. पूर्वेचं देऊळ डोंगराच्या उतारातच रुतलेलं आहे. त्यातल्या शिळेवर मक्याचं ताट आहे आणि कणसांच्या जागी माणसांची डोकी. कारण माया समजुतीनुसार माणूस मक्याच्या पिठापासूनच घडला. एका बाजूला कान बालाम कपाळाला भेग गेलेल्या जिवंत डोंगरावर उभा आहे आणि त्या भेगेतून मका फुटतोय: तोच वित्स, इथे डोळे-नाकासकट. पश्चिमेचं देऊळ मावळत्या सूर्याचं आणि लढाईचं. तिथे झाडाच्या जागी ढाल आहे, ढालीवर रात्रीच्या सूर्याचा, जग्वार-देवाचा चेहरा आणि मागे दोन भाले फुलीसारखे. आभाळ, शेत आणि रणांगण. राजाला ज्या तीन गोष्टी सांभाळायच्या असतात त्या एका चौकात उभ्या.

प्रत्येक देवळाच्या आत मागच्या भिंतीला टेकून आणखी एक छोटं घर आहे, स्वतःचं छप्पर असलेलं. शिलालेख त्याला 'पिब ना' म्हणतात. पिब म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी. मेक्सिकोच्या युकातान भागात खड्ड्यात पुरून शिजवलेल्या मांसाला आजही पिबिल म्हणतात. पिब ना म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली. पण इथे ना चूल आहे, ना पाणी जायला मोरी. मग देवाच्या घरात ही खोली कशाला? स्टीफन ह्यूस्टन या अभ्यासकाने १९९६ मध्ये याचं उत्तर दिलं. माया बायका बाळंतपणाच्या वेळी वाफेच्या खोलीचा आधार घेत, डोंगराळ भागात अजूनही घेतात. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी देतात, त्याचीच तिथली तऱ्हा. तर ही देवांच्या बाळंतपणाची खोली. देव इथे जन्मले, म्हणून शिळांवर त्यांच्या जन्मतारखा. आणि देवळाची वास्तुशांत करायची तर लेखात शब्द येतात 'ओच काक': आग आत शिरली. थंड पडलेल्या घरात चूल पेटवली की ते नांदतं घर होतं, तसंच.

त्या तिन्ही शिळांवर दोन माणसं समोरासमोर आहेत, एक मोठा, एक ठेंगणा, कापडाच्या वळ्यांत गुंडाळलेला. ठेंगणा म्हणजे मेलेला पाकाल, असं बरीच वर्षं मानलं जायचं. आता मत बदललंय. दोघेही कान बालामच: एक ६४१ सालचा, सहा वर्षांचा, वारसदार म्हणून पहिल्यांदा लोकांपुढे आणलेला, आणि दुसरा गादीवर आलेला पन्नाशीजवळचा. दोघांच्या मध्ये, उत्तरेच्या सर्वांत उंच देवळात, झाड आहे. खाली तेच नैवेद्याचं पात्र, वर तोच पक्षी. बापाच्या शवपेटीवर, डोंगराच्या तळाशी, कुणाच्याही नजरेआड बंद केलेलं झाड मुलाने आपल्या चौकातल्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर पुन्हा कोरून घेतलं.

ही शिळा पुढे फुटून विखुरली. मधला तुकडा देवळाबाहेर जंगलात जाऊन पडला, उजवा तुकडा एकोणिसाव्या शतकात वॉशिंग्टनला पोचला आणि विसाव्याच्या सुरुवातीला मेक्सिकोला परत आला. आता तिन्ही तुकडे जोडून मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात लावले आहेत. पालेंकेच्या त्या उंच डोंगरावर पिब ना आहे, दाराशी विडी ओढणारा एक म्हातारा देव आहे, मागची भिंत रिकामी आहे.